मारियोत १-२ मधून थेट आठव्या जगात जाणं: ही चिटिंग का?

कूलरमागचा_बाबा
राम राम मंडळी. प्रश्न पोरीचा आहे, पण भांडण माझं आणि बायकोचं लागलंय म्हणून इथं टाकतो.

मे महिना. बाहेर ४५. दुपारी बारा ते पाच घराबाहेर पाय टाकायची सोय नाही. कूलरसाठी माळ्यावर काहीतरी शोधताना माझा नव्वदीतला व्हिडिओ गेम सापडला. नवा अडॅप्टर आणला, पिवळी-पांढरी वायर टीव्हीला जोडली आणि तीस वर्षं पडलेला डबा चक्क चालू झाला. मारियो, पहिलावाला, १९८५ चा.

मुलगी नऊ वर्षांची. पहिल्या दिवशी १-१ मध्ये, म्हणजे पहिल्या जगाच्या पहिल्या टप्प्यात, पहिल्याच तपकिरी टोपीवाल्याला धडकून मेली, अनेकदा. तिसऱ्या दिवशी १-२ मध्ये शेवटच्या लिफ्टवरून उडी मारून छताच्या विटांवर चढली, जिथं स्कोअर लिहिलेला असतो त्या पट्टीतून चालत गेली आणि तीन नळ्यांच्या खोलीत पोचली. मी सांगितलं नव्हतं, आईशप्पथ. ती चारच्या नळीत उतरली, म्हणजे थेट चौथ्या जगात. मग मावसभावानं फोनवर ४-२ मधली वेल सांगितली. झालं. आता आठव्या जगात आहे आणि म्हणते, "बाबा, संपतच आला गेम."

माझं म्हणणं, आठ जगं केलीत ती बघायला केलीत. बायकोचं म्हणणं, त्यांनी दार ठेवलं, हिनं उघडलं, यात चिटिंग कुठं आली? माझी आई बाजूला बसून तांदूळ निवडते आणि "त्या कासवानं तुमचं काय बिघडवलं" एवढंच विचारते.

तर मंडळी, काय म्हणता?

तर्रीबाज
भाऊ, पहिले हे सांग, अडॅप्टर कुठं भेटला? माझाही डबा पडून आहे.

कूलरमागचा_बाबा
आपल्या नागपूरच्या बर्डीत. जुन्या अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते पाहून जा, आणि पिनेत आत अधिक आहे की उणे तेही. नाहीतर डबा जळेल.

मृण्मयी_धरमपेठ
वहिनींच्या बाजूनं माझं मत. त्या खोलीत पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'वेलकम टू वार्प झोन' लिहून येतं. चोरवाटेवर कुणी सुस्वागतमची पाटी लावतं का? गेम बनवणाऱ्या मियामोतो आणि तेझुका या मंडळींनी ती जागा मुद्दाम ठेवली. जो माणूस "स्कोअरच्या वर काय असेल?" असं विचारतो त्याला बक्षीस म्हणून. तुमच्या लेकीनं हाच प्रश्न विचारला. उलट जी पोरं खालच्या नळीतून शहाण्यासारखी बाहेर पडली त्यांनी काय शोधलं?

महालकर_जुना
मृण्मयीताई, नळी ठेवली ती मुद्दामच, मान्य. पण ती कुणासाठी ठेवली? ज्यानं आधी खेळलंय आणि आज पुन्हा तेच चार टप्पे करायचा कंटाळा आलाय त्याच्यासाठी.

माझं सांगतो. ही जगं म्हणजे शाळेचे वर्ग आहेत. १-१ नीट बघा. सुरुवातीला मारियो डाव्या कडेला उभा, उजवीकडं मोकळी जागा, म्हणजे कुठं जायचं ते न सांगता कळतं. पहिलं मशरूम डब्यातून निघतं, उजवीकडं जातं, नळीला आपटून परत तुमच्याच अंगावर येतं. ते वाईट आहे असं वाटून पळायला गेलात तरी डोक्यावर विटा असतात, नीट उडी मारता येत नाही, बहुतेक वेळा ते लागतंच आणि मारियो मोठा होतो. शेवटाकडं दोन जिने समोरासमोर असतात, मधे जमीन. त्याच्या पुढं तसेच दोन जिने, मधे खड्डा. आधी पडायची भीती नसताना उडी, मग तीच उडी जिवावर. एक अक्षर न लिहिता शिकवलंय.

आता तुमची लेक पहिलीतून थेट आठवीत बसली. ८-१ मध्ये एका विटेएवढ्या जागेवर पाय टेकवून लगेच पुढची उडी घ्यावी लागते आणि वेळ फक्त ३००. ८-३ मध्ये हातोडेवाले जोडीनं उभे. आणि भाऊ, मुख्य गोष्ट ऐका. पोहायचं २-२ मध्ये शिकवतात. तुमच्या वाटेवर २-२ येतच नाही. ८-४ च्या किल्ल्यात मधेच पाण्याचा तुकडा आहे. तिथं काय करेल ती?

बिनकामाचा_इंजिनिअर
महालकरकाका, वर्ग वगैरे ठीक आहे, पण तुमच्या शाळेत पाच वर्ग नुसते रिपीट आहेत :)

५-३ म्हणजे १-३ च, थोडं अवघड केलेलं. ६-४ म्हणजे १-४. ५-४ म्हणजे २-४. ७-२ म्हणजे २-२. ७-३ म्हणजे २-३. शत्रू वाढवले, गोळे सोडले, लिफ्टा आखूड केल्या, नकाशा तोच. त्यांचाही दोष नाही, अख्खा गेम ४० केबीत बसवलाय. ढग आणि झुडूप एकच चित्र आहे, रंग तेवढा वेगळा. आपण सकाळी गुड मॉर्निंगचा जो गुलाबाचा फोटो पाठवतो त्यात असे कितीतरी मारियो मावतील.

वार्पनं जाणारा १-१, १-२, ४-१, ४-२ आणि मग आठव्याचे चार खेळतो. ३२ पैकी ८. जगातले पट्टीचे खेळाडू याच आठ टप्प्यांत पाच मिनिटांच्या आत गेम संपवतात, आणि त्यांना कुणी चिटर म्हणत नाही.

सदरची_पोट्टी
३२ पैकी ८ वरून एक लक्षात आलं का कुणाच्या? या वाटेवर ८-४ सोडून एकही किल्ला लागत नाही! म्हणजे "थँक्यू मारियो, पण राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात आहे" हे वाक्य त्या पोरीनं आजवर वाचलेलंच नाही. आपण ते सात वेळा वाचून मोठे झालो.

तर्रीबाज
सात वेळा? आमची लाइट चौथ्या वेळेलेच जायची.

महालकर_जुना
हाहा. तर्रीबाज, तुझ्याकडं कोणती कॅसेट होती?

तर्रीबाज
ते '९९९९९९ इन १'. घरी आणली, लावली, यादी पाहून मी तर पागलच झालो. मग कळलं का सहाच गेम आहेत बे, बाकी सब तेच फिरून येते. मारियोचंच नाव बदलून बदलून लिहिलेलं. एका नावावर गेलं का १-१, दुसऱ्यावर गेलं का सरळ मधल्या कोण्या वर्ल्डात. बापानं विचारलं, "एवढे लाख गेम कधी खेळून होतीन तुह्याच्यानं?" मी म्हटलं बाबा, हप्ताभरात झाले.

म्हणजे पहा, आमचा वार्प झोन दुकानदारानंच देऊन ठेवला होता.

नागनदी_पार
कॅसेटमध्ये फुंकर मारायचे की नाही? आमच्याकडं त्याचे तज्ज्ञ होते. दोन लहान आणि एक लांब.

बिनकामाचा_इंजिनिअर
फुंकरीनं काही होत नाही हो. तोंडातली वाफ पिनांवर बसून उलट गंज चढतो. कॅसेट काढून पुन्हा घातली की पिना नीट टेकतात, श्रेय मात्र फुंकरीला.

नागनदी_पार
तुम्ही लोकांनी बालपणातलं काहीच शिल्लक ठेवू नका.

असो, विषय जगांचा आहे तर आमच्या सक्करदऱ्याच्या गल्लीतली गोष्ट. एक दादा होता, तो म्हणायचा नववं जग आहे. कुणाचा विश्वास नाही. वर्षभर त्याची टर उडवली. मग एकदा त्यानं सगळ्यांसमोर १-२ च्या शेवटी नळीवर पाठमोरा उभा राहून उडी मारली आणि मारियो विटांच्या आतून घसरत पलीकडं गेला. खोलीत पोचताच, पाटी उमटायच्या आत, पहिल्या नळीत उतरला. वर्ल्डच्या पुढं नंबरच नाही, नुसतं '-१'. निळं पाणी, मासे, आणि शेवटची नळी पुन्हा सुरुवातीलाच आणून सोडते. आम्ही आळीपाळीनं पोहलो, पार वेळ संपेपर्यंत. त्या दिवसापासून दादाला कॅरममध्ये पहिला स्ट्राइक.

बिनकामाचा_इंजिनिअर
ते नववं नाही, छत्तिसावं आहे! पाटी उमटायच्या आधी नळीत गेलं तर नळीचा आकडा नीट भरलेला नसतो, गेम जुना आकडा उचलतो, ३६. आणि ३६ नंबरचं चित्र म्हणजे कोरी जागा. म्हणून "३६-१" असं न दिसता कोरी जागा आणि पुढं "-१" दिसतं. आतला टप्पा म्हणजे २-२ चंच पाणी.

नागनदी_पार
फुंकर गेली, आता नववं जगही गेलं. धन्यवाद.

मृण्मयी_धरमपेठ
:D :D

पण बघा, त्या दादानं जे केलं ते गेम बनवणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. भिंतीला टेकून बघ, वर चढून बघ, नको तिथं उतरून बघ, भटकणं आणखी वेगळं काय असतं? महालकरकाका म्हणतात तसं सगळे टप्पे क्रमानं करणं म्हणजे हजेरी लावणं.

महालकर_जुना
हजेरी नाही हो. एक गोष्ट विसरताय. पहिल्या मारियोत मागं फिरता येत नाही. पडदा उजवीकडं सरकला की डावी बाजू गेली ती गेली. एखादा लपलेला डबा सुटला तर त्या खेपेला सुटलाच. वरून घड्याळ. ४०० लिहिलंय म्हणून ४०० सेकंद समजू नका, त्याचा एक आकडा साधारण ०.४ सेकंदाचा. म्हणजे सगळी मिळून दोन मिनिटं चाळीस सेकंद. शंभर राहिले की गाणंही धावायला लागतं. अशा गेममध्ये शोधाशोध करायची तर पुन्हा पुन्हा त्याच टप्प्यात जावं लागतं. एकदा जाऊन आलं म्हणजे पाहून झालं असं नसतं.

आमच्याकडं कॉम्प्युटर क्लासमध्ये प्रिन्स ऑफ पर्शिया हा गेम होता, १९८९ चा. बारा लेव्हल आणि सगळ्यांना मिळून एक तास. तिथंही तेच दुखणं. जीव वाढवायची मोठी बाटली हवी तर आडवाटेला जा, आडवाटेला गेलात तर तास संपतो. सरांची पाठ वळली की कुणीतरी मेगाहिट टाइप करून सुरू करायचं आणि पटापट लेव्हल उड्या मारायचं. त्या पोरांना चौथ्या लेव्हलचा आरसा कधी नीट कळलाच नाही. आरशातून आपली सावली बाहेर पडून निघून जाते, आणि पार शेवटाकडं समोर तलवार घेऊन उभी राहते. तिला मारलं तर आपण मरतो. तलवार म्यान करायची आणि सरळ चालत जायचं, ती आपल्यात मिसळते. आता सांगा, ज्यानं आरसा पाहिलाच नाही त्याला तलवार म्यान करायचं कसं सुचेल?

सदरची_पोट्टी
काका, हे भारी सांगितलंत. अंगावर काटा आला.

मी तुमच्या पिढीची नाही, माझा गेम होलो नाइट. २०१७, ऑस्ट्रेलियातल्या टीम चेरीचा. तिथं लेव्हल नाहीतच. अख्खं हॅलोनेस्ट, म्हणजे गेममधलं किड्यांचं राज्य, एकच, खाली खाली पसरलेलं, आणि मागं फिरल्याशिवाय पुढं जाताच येत नाही. नवीन भागात शिरलात की नकाशा कोरा. कुठंतरी कॉर्निफर नावाचा जाड्या किडा गुणगुणत बसलेला असतो, जमिनीवर त्याचे कागद पडलेले दिसले की समजायचं जवळच आहे. तो नकाशा विकतो, पण अर्धवट! उरलेला आपण भरायचा. त्यासाठी लेखणी विकत घ्यायची, आणि बाकावर जाऊन बसलं की मगच नकाशात नवीन खोल्या उमटतात. आपण नेमके कुठं आहोत हे दिसायला कंपास वेगळा.

पहिल्यांदा डीपनेस्ट नावाच्या भागात पडले (हो, पडले, फरशी फुटली) तेव्हा नकाशा नाही, कंदील नाही, भिंतीतून वळवळ ऐकू येते. तेव्हा मला इतवारी आठवली. लहानपणी आजोबांचा हात सुटला होता, किराणा ओळीतून सराफ्यात आणि तिथून कुठं ते देवाला माहीत. दर वळणावर वाटतं इथं आपण मघाशी होतो.

आणि सिटी ऑफ टिअर्स. जमिनीखालचं शहर, पण सतत पाऊस. मी कितीतरी तास खेळले तरी विचारच केला नाही की जमिनीखाली पाऊस कुठून. मग बरंच नंतर, भलत्याच कोपऱ्यात, ब्लू लेक सापडलं. शांत निळं तळं, शत्रू नाही, काही नाही. नकाशा उघडला तर ते शहराच्या बरोब्बर वर. तळं झिरपतंय म्हणून खाली पाऊस! कुणी सांगत नाही, आपलं आपल्याला कळतं. मी तेव्हा अंबाझरीजवळ राहायचे. सप्टेंबर २०२३ मध्ये तलाव ओसंडून रात्रीतून पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा आम्ही सगळे गच्चीवर. तिथं उभी असताना मला हाच नकाशा दिसत होता, वर तळं, खाली आम्ही. विचित्र वाटेल, पण खरं आहे.

कूलरमागचा_बाबा
विचित्र नाही वाटत. आमच्या साडूकडंही तेव्हा फ्रिज तरंगला होता.

पुण्यात_अडकलेला
नागपूरकर बोलून राहिले तर मीही हजेरी लावतो. राजी नावाचा गेम खेळला का कोणी? २०२० चा, इथल्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा. राजस्थानी वाड्यांसारखे महाल, भिंतीवरून पळणं, खांबावर चढणं. आपल्या मातीतला म्हणून मी पूर्ण केला. पण वाट एकच, आडवाटा थोड्या. डोळ्यांना मेजवानी, पायांना काम कमी.

तर्रीबाज
पुण्याचा आहे ना, आडवाटेनं जाऊन कोणाच्या दारात पोचलास तर चहा विचारावा लागते. म्हणून ठेवल्याच नसतीन.

पुण्यात_अडकलेला
यालाच घाबरून मी चार वर्षं इथं पोस्ट टाकली नव्हती.

दुपारची_डुलकी
धागा कुठून कुठं गेला. बाबांची लेक कुठं पोचली? आणि तिला एक सांगा, सगळी लाइफ गेली की पहिल्या पडद्यावर ए दाबून ठेवून स्टार्ट मारायचं. ज्या जगात मेली त्याच्या पहिल्या टप्प्यापासून सुरू होतं. आम्हाला हे कळलं तेव्हा आमची दहावी झाली होती.

कूलरमागचा_बाबा
अहो, हे परवा सांगितलं असतं तर माझी एक दुपार वाचली असती!

बरं, हकिगत. चार दिवस झाले. ८-१ नं तिचा जीव काढला. महालकरकाका म्हणाले तशीच ती एक वीट. मी तोंड बंद ठेवलं, बायकोनं ठेवायला लावलं. शेवटी जमलं. ८-२, ८-३ कसंबसं. हातोडेवाल्यांच्या खालून कधी पळायचं ते तिनं मोजून काढलं, मला आजही येत नाही.

मग ८-४. त्या किल्ल्यात नळ्याच नळ्या, चुकीच्या नळीत गेलं की परत मागं. ती गोल गोल फिरत राहिली आणि तिला ते कळतच नव्हतं, वाटायचं किल्लाच लांब आहे. आई बाजूला होतीच. म्हणाली, "अगं, ही नळी मघाशी नाही का येऊन गेली? तिच्यावरची ती फुलासारखी चावरी बया तेव्हाही अशीच निघाली होती." आईला चष्म्याशिवाय कालनिर्णयवरची तारीख दिसत नाही, पण हे दिसलं. मग कालनिर्णयच्याच मागच्या कोऱ्या बाजूला नकाशा सुरू. नळ्यांना नंबर, चुकीच्या नळीवर फुली. एक नळी हवेत लटकलेली, तिच्यापर्यंत पोचायला न दिसणारा डबा डोक्यानं फोडावा लागतो, तो सापडायला एक अख्खी संध्याकाळ.

आणि मग पाणी. काका, तुमच्या तोंडात साखर पडो. मारियो बुडायला लागला आणि ती ओरडली, "बाबा, गेम बिघडला!" तिला खरंच माहीत नव्हतं की बटण दाबत राहिलं की तो पोहतो. पांढरा स्क्विड आला आणि खेळ खलास.

मी शांतपणे म्हटलं, पोहायचं २-२ मध्ये शिकवतात.

महालकर_जुना
मग? गेली ना दुसऱ्या जगात? :)

कूलरमागचा_बाबा
गेली. १-२ च्या छतावरून, त्याच खोलीत. चारची नळी सोडून दोनच्या नळीत उतरली.

मृण्मयी_धरमपेठ
घ्या!!

महालकर_जुना
तरी वर्गात बसली ना? मग झालं तर.

कूलरमागचा_बाबा
बसली. २-२ दोन दिवस पोहली, खालचा प्रवाह खड्ड्यात ओढतो ते शिकली. मग २-३ चे उडते मासे बघायचे म्हणून पुढं गेली, आणि काल २-४ चा किल्ला जिंकला. तिच्या आयुष्यातला पहिला. तो टोपीवाला बुटका समोर आला, पाटी उमटली. मी वाचून दाखवलं, राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात आहे.

ती म्हणाली, "मला माहितीये. आठव्यात आहे, पाण्याच्या पुढं. याला कोणी सांगितलं नाही का?"

सदरची_पोट्टी
आजीनं काय म्हटलं?

कूलरमागचा_बाबा
आई म्हणाली, त्या बुटक्याला पाणी विचारा, कधीचा उन्हात उभा आहे.

तर्रीबाज
भाऊ, अडॅप्टर आणला. आतून अधिक का उणे ते पाहिलंच नाही. धूर निघाला. दुसरा कुठं भेटते?